भट्टीपुढची टाळी

ताई : मला वाटलं, लाजतायत. खरंच सांगते मावशी. मी टाळी वाजवली आणि भट्टीवरची सगळी माणसं एकदम मागे सरून भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मी म्हटलं, बघा, कौतुकाची सवय नाही बिचाऱ्यांना.

मावशी : आधी बस इथं, या खोक्यावर. पाणी पी.

ताई : दुकानातली मंडळी माझ्या मागे होती. त्यांना मीच बोलावलं होतं. मी सुरुवात केली आणि त्यांनी धरलं. काका नळी फिरवत होते, नळीच्या टोकाला तो एवढा मोठा काचेचा वाडगा, लालबुंद. आणि त्यांनी नळीच टाकली, मावशी. दमकाकांनी! ज्यांच्या हातून आजवर अत्तराच्या बाटलीचं बूचसुद्धा पडलं नाही.

मावशी : आजही पडलं नाही. सोडलं त्यांनी.

ताई : तेच ते.

मावशी : तेच ते कसं? फळ पडतं, मूल पडतं. माझ्या भावोजींनी, तुझ्या दमकाकांनी सोडलं. टाळी वाजली म्हणून सोडलं.

ताई : टाळीला दचकले?

मावशी : म्हणजे तुला कुणी सांगितलंच नाही होय? तुझ्या बाबांनीसुद्धा?

ताई : बाबांनी मला भट्टीचा उंबरा कधी ओलांडू दिला नाही, तुम्हाला माहीत आहे. शाळा परगावी, नोकरी परगावी. बाबा गेले आणि एकदम चाव्यांचा जुडगा हातात आला. काय सांगायचं होतं?

मावशी : हा आवाज ऐकतेस ना? दार लावलंय तरी येतोय. आत उभं राहिलं की शेजारच्याची हाक ऐकू येत नाही. बोंब मारलीस तर तीही भट्टी गिळून टाकते. एकच आवाज तिला गिळता येत नाही, टाळीचा. म्हणून या कारखान्यात टाळीचा अर्थ एकच. हातात असेल ते सोड आणि मागे हो. का, कशाला, विचारायचं नाही. नळीवर राजाचा मुकुट का असेना, सोड आणि मागे हो.

ताई : अगं आई.

मावशी : मी काच घासायच्या खोलीत होते. चाक गरगरतंय, दार बंद. तरी कानावर आली. माझ्या हातातली सुरई गेली खाली. मला कळलंसुद्धा नाही मी ती सोडली ते. भिंतीला पाठ लागली तेव्हा कळलं.

ताई : तुमची पण?

मावशी : माझी पण. आणि मग टाळ्या थांबेचनात. एक वाजते, तेवढ्यानं काळीज तोंडात येतं. इथं तर पाऊस पडत होता टाळ्यांचा.

ताई : मग मला कुणी अडवलं का नाही? आधी?

मावशी : अडवायला कुणाला ठाऊक होतं? चार दिवस सरप्राइज, सरप्राइज करत तू त्या पेटीवाल्याच्या कानाला लागली होतीस. आम्हाला वाटलं, काहीतरी खाऊ वाटणार असशील.

ताई : त्याला माहीत होतं की मी टाळ्या वाजवणार आहे. तो काहीच बोलला नाही.

मावशी : तो पेट्या भरतो बाहेरच्या पडवीत. नवीन आहे, भट्टीपाशी येतो कुठं? काय म्हणाला?

ताई : म्हणाला, वा ताई, झकास, पुढच्या वेळी माझ्यासाठी पण करा.

मावशी : म्हणणारच! त्याच्यासाठीच वाजवायच्या होत्यास गं बाई. शिंकला तरी चार लोकांनी वळून बघावं असं वाटतं त्याला. तुझे बाबा शेवटी शेवटी काठी टेकत यायचे ना, तर भर रस्त्यातून त्याला हाक घालायचे, "काय पेटीसम्राट!" की गडी आठवडाभर छाती पुढं काढून. दारातून आत यायचा तर आधी छाती यायची, मग तो.

ताई : आणि तुम्हाला काय म्हणायचे?

मावशी : मला कशाला काय म्हणतील? मी घासलेला एखादा पेला उचलायचे, डोळे मिटून काठावरून अंगठा फिरवायचे आणि ठेवायचे जागेवर. संपलं.

ताई : बस एवढंच?

मावशी : एवढंच कसलं? त्या अंगठ्याची वाट बघत दिवस जायचा माझा. तोंडानं काही बोलले असते तर मीच म्हटलं असतं, मालक, लोणी लावू नका, कामाचं सांगा.

ताई : मी तुम्हाला खुर्ची दिली. मऊ उशीची.

मावशी : दिलीस की. छान आहे. डबा ठेवते मी तिच्यावर.

ताई : बसत नाही तुम्ही?

मावशी : उभ्यानं घासते मी, बाळ. बसलं की माझा हात झोपतो. पण राहू दे हं, मला आवडली. डबा अगदी राणीसारखा बसतो.

ताई : हसवू नका मावशी. मला आत्ता दमकाकांकडे जायचंय. आत्ताच्या आत्ता जाऊन पाय धरते.

मावशी : एवढ्यात नको. चाकावर उभ्या उभ्या मी म्हणते बघ,
काचेचं गं मन बाई, धगीपाशी मऊमऊ,
निवताना पोरी त्याला हात नको लावू.
लागलीच हात लावलास तर तुलाही भाजेल आणि त्याच्यावरही बोट उमटेल.

ताई : पण भट्टीवाला सारखा विचारायला येतोय. जळण संध्याकाळपुरतंच आहे. आणखी मागवू का जाळ उतरू देऊ, एवढं सांगा म्हणतो. काका जाताना त्याला सांगून गेले, "मी काही आता येत नाही. विझवा." नुसतं असं. टोपी खुंटीला अडकवली आणि गेले.

मावशी : टोपी ठेवून गेले?

ताई : हो.

मावशी : देवा. टोपी ठेवली म्हणजे कायमचे गेले.

ताई : भट्टी एकदा थंड झाली तर आतली मूस तडकते ना? बाबा फोनवर सांगायचे. ज्यात काच वितळते ते मातीचं मोठं भांडं.

मावशी : तडकतेच. आणि तशी मूस घडवणारा म्हातारा कधीच वर गेला. ही मूस गेली की संपलं. भट्टी संपली, नळी संपली, माझं चाक संपलं. तू आपली दुकानात बसून दुसऱ्यांच्या बाटल्या विकायच्या.

ताई : मग सांगा, जाऊ की नको?

मावशी : जाऊ या, मी पण येते. माझ्या बहिणीचा नवरा आहे, मला दारातून हाकलणार नाहीत. पण जायच्या आधी एक ऐकून घे, नाहीतर तिथं भलतंच बोलून बसशील. माझा नवरा कशानं गेला, ठाऊक आहे तुला?

ताई : तापानं. बाबांनी सांगितलं होतं. मी लहान होते.

मावशी : तापानं. हं. तसं म्हटलं तर तापच तो.

ताई : म्हणजे?

मावशी : भावोजींचा जोडीदार होता तो. मुशीतून काच उचलून नळीवर चढवायची त्यानं, फुंकायची भावोजींनी. सदऱ्याच्या बाहीनं पेट घेतला. ओरडला, पण भट्टीपुढं कोण ऐकणार? भावोजींची पाठ त्याच्याकडं. मग त्यानं टाळी वाजवली. स्वतःच.

ताई : पेटलेल्या...

मावशी : पेटलेल्या हातांनी. ती ऐकून भावोजी वळले. नळी टाकली आणि नुसत्या हातांनी विझवला त्याला. आठवडाभर होता मग. त्यातले दोन-तीन दिवस माझ्याशी बोलला पण. तेव्हापासून हा नियम आहे. तेव्हापासून आमच्या घरात टाळी वाजत नाही. भाची शाळेत गाणं म्हणायची, तर भावोजी गाणं संपायच्या आधी उठून दाराबाहेर. लोक म्हणायचे, बाप कसा बघा, पोरीचं कौतुक नाही.

ताई : आणि मी तीच टाळी वाजवली.

मावशी : वाजवलीस. आता तोंड धू. आणि तिथं गेल्यावर रडू नकोस. रडायचा मान आज त्यांचा आहे.

(दमकाकांचं घर. एक खोली, दार सताड उघडं. काका खाटेच्या कडेला बसले आहेत, दोन्ही पंजे मांडीवर उताणे ठेवून.)

दमकाका : या. दार लोटू नका. वारा येऊ दे.

मावशी : बहीण कुठंय माझी?

दमकाका : बाजारात गेलीय. तिला अजून सांगितलं नाही मी.

ताई : काका, मी माफी मागायला आलेय.

दमकाका : कशाची?

ताई : मला माहीत नव्हतं...

दमकाका : मग माफी कशाची? माहीत असून केलं असतंस, तर मागायची.

मावशी : भावोजी, सरळ बोला की. पोर रडकुंडीला आलीय.

दमकाका : मी पण आलोय.

ताई : काका, मला तुमचे आभार मानायचे होते. तुम्ही नसता तर बाबांच्या मागे हा कारखाना उघडाच राहिला नसता. मला वाटलं, सगळ्यांसमोर... मी बाबांसारखं करायला हवं होतं. त्यांना बरोबर कळायचं, कुणाला काय रुचतं. मी आधी विचारायला हवं होतं की ते तुमचं कसं करायचे.

दमकाका : नाही करायचा.

ताई : काय नाही?

दमकाका : तुझा बाप. माझं कौतुक. नाही केलं.

मावशी : काहीतरीच काय भावोजी! सारखं तुमचं नाव असायचं त्यांच्या तोंडी. एका दमात एवढा हंडा फुगवतो, असा माणूस शोधून सापडणार नाही म्हणायचे. दमकाका हे नावच मुळी त्यांनी पाडलं.

दमकाका : तुमच्यापुढं म्हणायचा. गिऱ्हाइकापुढं म्हणायचा. माझ्या मागं. मला नाही.

ताई : कधीच नाही?

दमकाका : कधीच नाही. भीत असेल. याला चांगलं म्हटलं तर हा दुसरीकडं जाईल. नाहीतर वाटत असेल, याला काय, याला कळतंच. कळत नसतं गं पोरी. कुणाला कळतं? मी नग उतरवायचो आणि त्याच्याकडं बघायचो. तो घड्याळाकडं बघायचा. पुढचा घ्या म्हणायचा.

मावशी : आणि इतकी वर्षं बोलला नाहीत तुम्ही? आम्ही सगळे समजत होतो, तुम्हाला आवडतच नाही कुणी काही म्हटलेलं. मुलखाचे घुमे तुम्ही.

दमकाका : मागून घ्यायचं? मागून घेतलेलं उष्टं लागतं.

ताई : आणि मी सकाळी नुसत्या टाळ्या वाजवल्या.

दमकाका : हं, सकाळी. टाळी वाजली. हात रिकामा झाला. हात माझं ऐकत नाही त्या वेळी, त्याचं तो करतो. मी मान वर केली, कोण पेटलंय बघायला.

मावशी : नका सांगू भावोजी, राहू द्या.

दमकाका : सांगतो. कुणाला तरी सांगायलाच हवं. बघितलं तर सगळे हसत होते. ओळीनं उभे आणि हसतायत. मला वाटलं, माणूस जळतोय आणि ही माणसं हसतायत. टाळ्या काही थांबत नाहीत. मी शोधतोय. तुझा पदर बघितला. त्या दुकानातल्या पोराची बाही बघितली. कुठंच जाळ नाही. मग वाटलं, मीच.

ताई : तुम्हीच काय?

दमकाका : मीच पेटलोय. आणि मला कळत नाहीये.

मावशी : आई गं.

दमकाका : अंग चाचपलं मी. छाती, पाठ, डोकं. सगळ्यांसमोर. तर ते आणखी हसले.

ताई : आम्हाला वाटलं... आम्हाला वाटलं, तुम्ही गंमत करताय. नाचल्यासारखं.

दमकाका : हं. तसंच दिसलं असेल.

मावशी : पाणी देऊ का तुम्हाला?

दमकाका : नको. पोरी, मला एक सांग. वाडगा कसा होता?

ताई : कुठला?

दमकाका : सकाळचा. नळीवर असतो तेव्हा मला माझ्याकडची बाजू दिसते फक्त. तीही डोळे जाळणारी. खरा कसा झालाय ते समोरून दिसतं. जोडीदार होता तेव्हा तो सांगायचा. तो गेला, त्यानंतर सांगणारं कोणी नाही. आज तू बरोबर समोर होतीस. सांग.

ताई : काका...

दमकाका : घाबरू नको. वाकडा असेल तर वाकडा सांग.

ताई : मी बघत नव्हते.

दमकाका : समोर तर होतीस.

ताई : होते. पण मला मागच्यांना खूण करायची होती, कधी सुरू करायचं त्याची. मी मान वळवून त्यांच्याकडे बघत होते.

दमकाका : आणि ते?

ताई : ते माझ्याकडे. माझ्या हातांकडे.

मावशी : आणि मी आत चाकावर. म्हणजे...

दमकाका : म्हणजे कुणीच बघितला नाही.

ताई : नाही. कुणीच नाही.

दमकाका : एवढी माणसं जमली. कौतुकाला.

मावशी : बोला तिला, हवं तेवढं बोला.

दमकाका : काय बोलू? पोरी, तूच बोल.

ताई : खाली पडल्यावर बघितला मी. तेवढा मात्र बघितला.

दमकाका : पडल्यावर काय बघायचं? फुटला.

ताई : लगेच नाही फुटला.

दमकाका : नाही?

ताई : नाही. बसला. दमलेलं जनावर पुढचे पाय मोडून बसतं ना, तसा. आधी कलला, मग बसला. लाल होता, तो आतून केशरी होत गेला आणि मग मधाच्या रंगाचा. सगळे ओरडत होते, तुम्ही बाहेर निघाला होतात, मला तुमच्या मागे यायचं होतं. पण मी त्याच्याकडेच बघत होते. मग एक रेघ गेली.

दमकाका : कुठून?

ताई : कुठून म्हणजे?

दमकाका : काठाकडून खाली आली की तळाकडून वर?

ताई : तळाकडून.

दमकाका : नीट आठव.

ताई : तळाकडूनच. नदीला फाटे फुटतात तशी वर वर गेली, बारीक आवाज करत. काठापाशी येऊन थांबली. काठ सगळ्यात शेवटी गेला.

दमकाका : तळ जाड राहिला होता.

मावशी : त्याचं काय आता?

दमकाका : जाड तळ बाहेरून निवतो, आत तापलेला राहतो. मग ओढाताण होते. मला फुंकतानाच शंका आली होती. शेवटचा दम आखूड पडला.

मावशी : तुमचा? दम आखूड?

दमकाका : हसू नको.

मावशी : हसत नाही. मला आजवर वाटायचं, तुमच्या छातीत भाताच आहे लोहाराचा.

दमकाका : भात्यालाही भोकं पडतात.

ताई : म्हणजे काका, तो वाडगा टाळी वाजली नसती तरी...

दमकाका : कुणास ठाऊक. निवायच्या खोलीत तडकला असता, नसता. तुझ्या टाळीला माफी मिळाली असं समजू नकोस.

ताई : नाही समजत.

दमकाका : पुन्हा त्या उंबऱ्याच्या आत हाताला हात लावायचा नाही.

ताई : नाही लावणार.

मावशी : भावोजी, भट्टीवाला खोळंबलाय. बाहेर उन्हं उतरली. हो म्हणा, नाही म्हणा, पण काहीतरी म्हणा. त्यानं फावडं खाली ठेवलं तर उद्या आपल्या तिघांना तोंड लपवायला जागा नाही.

दमकाका : हात बघ माझा. अजून थरथरतोय.

ताई : दिसतोय.

दमकाका : उद्या नळी धरायला जमणार नाही. परवाचंही सांगता येत नाही. कदाचित कधीच नाही.

ताई : नका धरू.

दमकाका : मी तुला शब्द देत नाही काही.

ताई : मागत नाही मी.

दमकाका : जळण मागव. जाळ उतरू देऊ नका म्हणावं. त्या तळाचं काहीतरी बघावं लागेल.

मावशी : मी जाते धावत. सांगते त्याला. ताई, तू ये सावकाश.

ताई : मीही निघते काका. तुम्ही पडा जरा.

दमकाका : थांब.

ताई : काय हो?

दमकाका : तो काठ. शेवटी गेला म्हणालीस. कसा होता?

ताई : एकसारखा होता. सगळीकडून. कुठे जाड नाही, कुठे पातळ नाही. तडे अगदी त्याच्यापर्यंत आले होते, तरी तो गोलच होता.

दमकाका : हं.

ताई : येऊ मी?

दमकाका : ये. पण जायच्या आधी ते पुन्हा एकदा सांग.